सरवा

विलायतेहून पेटीत आली, भुश्शात गुंडाळून,
असं वडील सांगतात.
भुसा बैलांनी खाल्ला
आणि रूथ भिंतीत चढली.

वाकलेली. मुठीत सातूची पाच कणसं,
डोक्यावर निळं काहीतरी.
पदर म्हणावं तर पदर नाही.
आई म्हणायची, ओढणीच आहे,
पण घ्यायची कशी ते कुणी शिकवलं नाही बाईला.

जिथं घडवली तिथं ऊन म्हणे
चपला दाराशी काढून येतं.
त्या उन्हाच्या मापानं भरलेले रंग.
इथं सोलापुरात, एप्रिलात, साडेआठच्या उपासनेला
ऊन वसुलीला आल्यासारखं आत शिरायचं.
पुढच्या तीन बाकांवर कुणी बसेना.
चक्रनारायण गुरुजींच्या टकलावर निळा डाग,
ओहोळ आजींच्या गीतपुस्तकावर जांभळा,
आणि आम्ही पोरं तळहात पसरून
कणसांचा पिवळा झेलायचो.
एकदा मी चाटून पाहिला. घामाची चव होती.

मग वडिलांनी चादर टांगली.
गिरणी बंद होताना पगाराऐवजी मिळालेली,
दोन्ही अंगांनी मोर असलेली.
फाल्गुनापासून मिरगापर्यंत रूथ मोरांच्या मागे.
अशी किती वर्षं.
भोंगा गेला, चाळीतले निम्मे भिवंडीला गेले,
मोर विटत विटत कबुतरं झाले.

यंदा जानेवारीत निळं फुटलं.
कुणी म्हणालं चेंडू, कुणी म्हणालं वानर.
रविवारी पाहतो तर रूथच्या डोक्यातून
एक चिमणी आत आली, प्रार्थना संपेपर्यंत थांबली.

विजापूर वेशीतला बंदेनवाज आला,
फोटोफ्रेमवाला, आरसे कापणारा.
शिडीवरूनच म्हणाला,
असला निळा आता मिळत न्हाई ताई,
प्लास्टिकचा कागद चिकटवू का?
वडील काही बोलले नाहीत.
ते बोलले नाहीत की माणूस परत येतो.

आठ दिवसांनी आला, टॉवेलात काहीतरी घेऊन.
रेल्वेच्या भंगारातली, जुन्या सिग्नलची काच.
मी म्हटलं, अहो, ही तर हिरवी.
म्हणाला, रॉकेलच्या दिव्यापुढं हिरवी.
दिव्याचा पिवळा काढून टाका, मग बघा.
उन्हाकडे धरली.

निळी.

म्हणजे मद्रास मेलला रात्रभर जा जा म्हणणारा हिरवा
मुळात हा होता.

मी शिडी धरून. वर शिसं नखानं उलगडावं तसं उलगडलं,
जुनं लुकण खपलीसारखं सुटलं
आणि त्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
बंदेनवाजनं आपला अंगठा शेजारी धरून पाहिला.
बारका होता कारीगर, म्हणाला,
पोरगंच असंल.
मग बराच वेळ खाली आला नाही.
नवं लुकण भरलं तिथंही एक ठसा आहे.
मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही.

वडील खालून चष्मा पुसत म्हणाले,
वीणच आहे की. फक्त उभा-आडवा धागा सरळ नाही.
गाठ मात्र बरी मारलीस.

रंग जुळत नाही. जवळून तर नाहीच.
सासूनं जा म्हटलं तरी न गेलेली बाई,
आता तिच्या कपाळावर
जा म्हणणारा तुकडा.
गुरुजींना हे सांगितलं तर ते इतके हसले
की पुढच्या रविवारी त्यावरच बोलतील, अशी भीती वाटते.

संध्याकाळी आई केरसुणी घेऊन बसली, मग ठेवून दिली.
लहानपणी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात
ज्वारीचा सरवा वेचलेली बाई ती.
म्हणाली, उभं राहून दिसत नाही गं.
भुईला गाल लाव, उजेड समोर घे.
आम्ही दोघी फरशीवर आडव्या,
दारातून येणारं मावळतीचं ऊन डोळ्यांत,
बाकांखाली जुनं निळं चमकत होतं
कणाकणानं.

सात तुकडे निघाले. आठवा
गुरुजींच्या चपलेत, दुसऱ्या दिवशी.
सगळे आईच्या तपकिरीच्या डबीत आहेत.
कशाला ठेवलेस म्हटलं तर म्हणते,
सरवा मालकाला परत द्यायचा नसतो.

फाल्गुन लागला. चादर धुतली आहे,
दोरीवर वाळते आहे.
वडील म्हणतात, यंदा उशिरानं टांगू.